विजेची नाडीपरीक्षा : काट्यापासून उपग्रहापर्यंत

आपण घरात सहज म्हणतो, "प्लगमध्ये २३० व्होल्ट आहेत." पण हे २३० व्होल्ट नेमके असतात कुठे? आपल्याकडची वीज ए.सी., म्हणजे दिशा बदलत राहणारी. तिचा दाब शून्यापासून चढत चढत ३२५ व्होल्टपर्यंत जातो, परत शून्यावर येतो, मग उलट्या बाजूला ३२५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. असे एका सेकंदात ५० वेळा घडते. या सगळ्या धावपळीत २३० हा आकडा क्षणभर लागतो आणि मागे पडतो. मग आपण २३०च का म्हणतो? तर २३० व्होल्ट डी.सी. एखाद्या हीटरला जितकी उष्णता देईल, तितकीच उष्णता ही वर-खाली होणारी वीज देते म्हणून. यालाच आम्ही खात्यातले लोक आर.एम.एस. म्हणतो.

संपादक मंडळींनी यंदा "आपापल्या व्यवसायातले काही लिहा" असा आग्रह धरला. माझे सारे आयुष्य मीटर टेस्टिंगमध्ये गेले. त्यामुळे लिहायचे तर याच विषयावर, असे ठरवले. विषय रुक्ष वाटेल, पण वाचकहो, थोडा धीर धरा. या मोजमापाच्या इतिहासात आपल्या रायपूरचे नाव आहे, आपल्यासारख्याच एका महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचे नाव आहे आणि साठ कोटी लोकांना अंधारात टाकणारी एक दुपारही आहे.

चकती आणि काटा

ए.सी. वीज विकायची तर ती मोजायला हवी, हा प्रश्न १८८० च्या दशकातच उभा राहिला. इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व दाखवले. त्याच धर्तीवर बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये चकतीचे मीटर बनवले. आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती काळी खूण असलेली ॲल्युमिनियमची चकती घरातल्या मीटरमध्ये फिरताना पाहिली आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ या चकतीने जगभर विजेचा हिशेब ठेवला. यंत्र म्हणून ती अप्रतिम होती.

नुसता दाब मोजायचा तर काट्याचे व्होल्टमीटर. त्यातही जाती आहेत. लोखंडाची पट्टी ओढून घेणारे मूव्हिंग आयर्न मीटर जवळजवळ खरे आर.एम.एस. दाखवते, पण ते स्वतःच बरीच वीज खाते. खिशात मावणाऱ्या मल्टीमीटरमध्ये वेगळी युक्ती असते. आतले डायोड विजेची उलटी बाजू सुलटी करतात आणि काटा तिची सरासरी दाखवतो. ३२५ व्होल्ट शिखर असलेल्या शुद्ध लहरीची ही सरासरी येते २०७. मग डायलवर २३० कसे दिसते? डायल छापतानाच आकडे १.११ ने गुणलेले असतात! म्हणजे मीटर मोजतो एक आणि सांगतो दुसरे. लहर शुद्ध असेल तोवर हा व्यवहार चोख चालतो. लहर बिघडली की गुणाकार तोच राहतो आणि उत्तर मात्र चुकते.

उरला-सिलतराच्या भट्ट्या

लहर बिघडते म्हणजे काय, हे रायपूरकरांना वेगळे सांगायला नको. उरला आणि सिलतरा भागात स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिल्स उभ्या राहिल्या. इंडक्शन भट्टीत आधी ए.सी.ची डी.सी. करतात आणि मग तिच्यापासून वेगळ्या फ्रिक्वेन्सीची ए.सी. बनवतात. अशी भट्टी फीडरमधून वीज ओढते ती गोलाईदार लहरीने नाही, तर ठोकळ्या-ठोकळ्यांनी. या ठोकळ्यांत ५० हर्ट्झबरोबर २५० आणि ३५० हर्ट्झच्या उपलहरीही असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. एकाची लहर बिघडली, की त्याच फीडरवरच्या शेजाऱ्याचा दाबही विद्रूप होतो.

अशाच एका भट्टीवर आम्ही तपासणीला गेलो होतो. आमच्या जुन्या टेस्टरच्या हातात नेहमीचा टाँग टेस्टर होता आणि माझ्याकडे खात्याने नुकतेच दिलेले ट्रू आर.एम.एस. उपकरण. एकाच केबलवर दोन्ही लावले. त्यांच्या उपकरणावर जिथे ९१ दिसे, तिथे माझ्यावर १०० च्या आसपास. भट्टीचे मालक बघत उभे होते. त्यांनी शांतपणे विचारले, "साहब, दोनों में से सच्चा कौन?"

प्रश्न अगदी रास्त होता. पैसे त्यांच्या खिशातून जाणार होते. मी त्यांना कागदावर गणित मांडून दाखवले. आदर्श ठोकळा लहरीत प्रवाह अर्ध्या आवर्तनाच्या दोन-तृतीयांश वेळच वाहतो. तिची सरासरी काढून १.११ ने गुणले तर खऱ्या आर.एम.एस.पेक्षा आकडा सुमारे ९ टक्के कमी येतो. टाँग टेस्टर बिघडलेला नव्हता. तो शुद्ध लहरीसाठी बनवलेला होता आणि समोरची लहर शुद्ध राहिलेली नव्हती. शिवाय बिलाचे मीटर या दोन्हींहून वेगळे असते आणि ते दाब व प्रवाह दोन्ही एकाच वेळी मोजते, हेही समजावले. मालकांचे समाधान झाले. मला मात्र त्या दिवशी लक्षात आले, की मोजमापाचे उपकरण कसे चालते हे सांगता आले नाही, तर आपला आकडा आणि समोरच्याचा संशय यांत निवाडा करणारे कोणीच उरत नाही.

शितावरून भाताची परीक्षा

मग ट्रू आर.एम.एस. उपकरण काय करते? ते लहरीचे नमुने घेते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. पण लहरीचा भात सगळीकडे सारखा शिजलेला नसतो, म्हणून एक शीत पुरत नाही. ठरावीक अंतराने अनेक शिते घ्यावी लागतात.

कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर करून पाहा. एका आवर्तनात समान अंतराने १२ नमुने घेऊ. ते साधारण असे येतील : ०, १६२.५, २८१.५, ३२५, २८१.५, १६२.५ आणि मग हेच सहा आकडे उणे चिन्हाने. प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा, १२ ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते २३० च्या अगदी जवळ. यात १.११ चा छुपा गुणाकार कुठेही नाही. लहर वाकडी असली तरी, नमुने पुरेसे दाट असतील तर, हीच रीत खरे उत्तर देते.

किती दाट नमुने घ्यायचे, याचा विचार नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडला. लहरीतील सर्वांत वेगवान भागाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर काहीही हरवत नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्सने डिजिटल व्होल्टमीटर बाजारात आणला. पुढे मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले आणि नमुन्यांची ही रीत प्रयोगशाळेतून घराच्या भिंतीवर आली. आपल्या देशात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनी नवीन मीटर स्टॅटिक, म्हणजे बिनचकतीचेच हवे, असे ठरवून दिले. आज तुमच्या घराबाहेरचे मीटर रात्रंदिवस हेच नमुने घेत असते.

उच्च दर्जाच्या प्रयोगशाळांत तर या रीतीने एक जुनी अडचण दूर केली. तिथे ए.सी. दाब मोजायचा तो तारेच्या तापण्यावरून, म्हणजे थर्मल कन्व्हर्टरने. पण फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झच्या खाली गेली की तार लहरीबरोबर तापू-निवू लागते आणि वाचन स्थिर राहत नाही. अशा संथ लहरींसाठी नमुने घेणेच बरे. १९८० च्या दशकाच्या शेवटी ह्यूलेट-पॅकार्डचे ३४५८ए हे साडेआठ अंकी मल्टीमीटर आले. त्याच कंपनीच्या स्वर्लाइन यांनी त्यावर नमुन्यांपासून कमी फ्रिक्वेन्सीचा ए.सी. दाब दशलक्षात काही भाग इतक्या अचूकतेने काढण्याची पद्धत बसवली. ती आजही जगभरच्या मापन प्रयोगशाळांत ओळखली जाते.

यात एक पथ्य मात्र पाळावे लागते. नमुने पूर्ण आवर्तनांचेच हवेत. १२ नमुने २० मिलिसेकंदांत घ्यायचे ठरवले आणि फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ४९ झाली, तर आवर्तन पुरे होण्याआधीच आपण मोजणे थांबवतो आणि उत्तर डगमगते. हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हे. २००२ च्या आधी आपल्या पश्चिम ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९ हर्ट्झच्याही खाली घसरत असे. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात एबीटी ही दरपद्धती लागू झाली. दर १५ मिनिटांचा हिशेब फ्रिक्वेन्सीशी जोडला गेला आणि मग कुठे ही घसरण आवरली.

ग्वाल्हेरचे फडके

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे वळतो. डॉ. अरुण फडके. जन्म १९३८, ग्वाल्हेर. आपण रायपूरकर, नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग आणि पुढे नोकऱ्यांच्या निमित्ताने इकडे आलेल्या घरांतले. शिंद्यांच्या ग्वाल्हेरची मराठी घरे तशीच. त्यामुळे हे नाव वाचले की आपोआपच ओळख वाटते. १९५९ मध्ये त्यांनी खरगपूरच्या आय.आय.टी.तून पदवी घेतली, अमेरिकेला गेले आणि १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

१९७० च्या दशकात ते अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीत होते. उच्चदाबाच्या लाइनवर बिघाड झाला, की डिस्टन्स रिले दाबाला प्रवाहाने भागते आणि आलेल्या उत्तरावरून बिघाड किती दूर आहे ते ओळखून लाइन तोडते. हे काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचे होते. पण तीन फेजच्या लाइनवर बिघाड दहा प्रकारचे होऊ शकतात. सगळे तपासायला सहा वेगवेगळी गणिते करावी लागत आणि त्या काळचे मायक्रोकॉम्प्युटर इतक्या वेगाने ती करू शकत नव्हते. फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली. फॉर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या 'सिमेट्रिकल कंपोनंट्स'च्या रीतीने तिन्ही फेजचे नमुने एकत्र गुंफले आणि सहांच्या जागी एकच समीकरण बसवले. नमुने आवर्तनाला १२, म्हणजे तिथल्या ६० हर्ट्झला सेकंदाला ७२०. प्रत्येक नवा नमुना आला की सर्वांत जुना वजा करायचा, नवा मिळवायचा. सगळे गणित पहिल्यापासून करायला नको. घरचा महिन्याचा हिशेब आपण असाच तर पुढे नेतो.

रिले तयार करता करता त्यांच्या लक्षात आले, की रिलेसाठी काढलेली ही दाबाची किंमत अतिशय नेमकी आहे आणि तिच्यात दाबाचा आकडाच नव्हे, तर लहर त्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे तो कोनही मिळतो. जेम्स थॉर्प आणि मार्क ॲडामिॲक यांच्याबरोबर त्यांनी १९८३ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. पण दोन गावांतल्या लहरींचे कोन ताडून पाहायचे तर दोन्हीकडची घड्याळे तंतोतंत जुळायला हवीत. ५० हर्ट्झला एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंशांची चूक! मायक्रोसेकंदाची चूक असेल तर ती ०.०१८ अंश, म्हणजे नगण्य. इतकी जुळणी त्या वेळी नव्याने उभ्या राहणाऱ्या जी.पी.एस. उपग्रहांवरून मिळू शकत होती. १९८२ पासून व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या फडक्यांच्या प्रयोगशाळेत १९८८ मध्ये पहिली फेजर मेजरमेंट युनिट्स, म्हणजेच पी.एम.यू., तयार झाली. आकाशात तेव्हा पुरेसे उपग्रहही नव्हते, म्हणून आत चांगले क्रिस्टल घड्याळ ठेवून वेळ सांभाळावी लागे. २००८ मध्ये फडके आणि थॉर्प यांना या कामासाठी बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

रायपूर आणि राउरकेला

कोनाचे हे माप एवढे महत्त्वाचे का, हे समजायला आपल्याच दारातले उदाहरण आहे. छत्तीसगड पश्चिम विभागात, ओडिशा पूर्व विभागात. दोन्ही ग्रिड वेगळे चालत. म्हणजे दोन्हीकडे "५० हर्ट्झ" म्हणत असले तरी दोन्हींची लय आपापली होती. मार्च २००३ मध्ये ४०० के.व्ही.च्या राउरकेला-रायपूर लाइनने हे दोन ग्रिड एका तालात जोडले गेले. राज्य होऊन अडीच वर्षेही झाली नव्हती आणि रायपूर देशाच्या वीजजाळ्यातला सांधा झाले. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग जोडला गेला आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ के.व्ही.च्या लाइनने दक्षिणही. आज कोरब्याचे जनित्र आणि केरळातला पंखा एकाच लयीत फिरतात.

पण इतक्या लांबच्या जोडणीत एक नवीन धोका आला. दोन टोकांच्या लहरींमधला कोन म्हणजे त्यांच्यातला ताण. दोन माणसांनी दोराची दोन टोके धरली आहेत असे समजा. कोन वाढला म्हणजे दोर ताणला. कधी कधी हे दोन भाग एकमेकांविरुद्ध हळूहळू डोलू लागतात. एका झोक्याला दोन-चार सेकंद लागावेत इतके हळू. नियंत्रण कक्षातली जुनी व्यवस्था काही सेकंदांनी एकदा आकडे आणते, त्यामुळे हे डोलणे तिच्या नजरेतून निसटते. पी.एम.यू. सेकंदाला २५ ते ५० वेळा वेळेचा शिक्का मारून कोन पाठवते. मग हे डोलणे डोळ्यांना दिसते.

जुलै २०१२

३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचा वीजपुरवठा कोसळला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग एकाच वेळी अंधारात गेले. साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा हा प्रदेश. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. बंगालच्या कोळसा खाणीत दोनशेच्या आसपास कामगार अडकले. पुढे ते सुखरूप वर आले. खाणीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला त्या घरांची घालमेल सांगायला नको. आपला पश्चिम विभाग मात्र वाचला.

चौकशी समितीने घटनांची साखळी मागे मागे नेली, तेव्हा दोन्ही दिवशी सुरुवातीचा धागा एकच निघाला. ४०० के.व्ही.ची बीना-ग्वाल्हेर लाइन. तिच्या जोडीचे सर्किट ७६५ के.व्ही.च्या कामासाठी बंद होते. उरलेल्या सर्किटवर भार प्रचंड आणि दाब खाली गेलेला. डिस्टन्स रिलेने नेहमीप्रमाणे दाबाला प्रवाहाने भागले. दाब कमी, प्रवाह जास्त, म्हणून उत्तर इतके लहान आले की रिलेला तो बिघाडच वाटला. तिने लाइन तोडली. प्रत्यक्षात लाइनवर बिघाड नव्हताच, नुसता भार होता. रिलेचे मोजमाप चुकले नव्हते. पण तिला फक्त स्वतःच्या जागेचे दिसत होते, पलीकडच्या ग्रिडवरचा ताण दिसत नव्हता.

डिस्टन्स रिलेच्याच कामातून फडक्यांचे पी.एम.यू. निघाले आणि ज्या ग्वाल्हेरात ते जन्मले त्याच ग्वाल्हेरच्या लाइनवर त्याची गरज इतक्या कठोरपणे सिद्ध झाली, हा योगायोग मला अनेक दिवस अस्वस्थ करत राहिला. तोवर देशात पी.एम.यू. प्रायोगिक तत्त्वावर थोड्याच ठिकाणी होते, पण समितीला घटनाक्रम लावताना त्यांच्या नोंदींचा उपयोग झाला. त्यानंतर पॉवर ग्रिडने मोठी योजना हाती घेतली आणि पहिल्याच टप्प्यात देशभर हजाराहून अधिक पी.एम.यू. बसवण्याचे ठरले. मुंबईच्या आय.आय.टी.तील मंडळींनी तर साध्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर उपकरण लावून ग्रिडचे डोलणे टिपून दाखवले. आपल्या भिंतीतल्या प्लगमध्ये सगळ्या देशाची नाडी लागते, ती अशी.

जाता जाता

आपल्या रायपूरच्या एन.आय.टी.त आणि इतर कॉलेजांत शिकणारी मंडळातली मुले हा लेख वाचत असतील, तर त्यांना एवढेच सांगणे आहे : पॉवर इंजिनिअरिंग हा जुना, संपलेला विषय आहे असे कोणी म्हटले तर मानू नका. फडक्यांचा १९८३ चा निबंध शोधून वाचा. पहिले गणित बारा नमुन्यांचेच आहे, ते वर दिलेच आहे.

आणि उत्सव समितीला एक व्यावहारिक सूचना. मांडवाच्या रोषणाईत आता सगळ्या एल.ई.डी.च्या माळा असतात. त्या वीज कमी घेतात हे खरे, पण त्यांतल्या स्वस्त माळा शुद्ध लहरीने वीज घेत नाहीत. तिन्ही फेजवर त्या सारख्या वाटल्या तरी त्यांच्यातल्या १५० हर्ट्झच्या उपलहरी न्यूट्रलमध्ये एकमेकींना काटत नाहीत, उलट त्यांची बेरीज होते. तेव्हा मांडववाल्याने "तीन फेजला माळा सारख्या वाटल्यात, न्यूट्रल बारीक चालेल" असे सांगितले तरी ऐकू नका. न्यूट्रलची तार फेजच्या तारेपेक्षा जाड घ्या, आणि स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी सगळी रोषणाई लावून तिच्यातला प्रवाह ट्रू आर.एम.एस. टाँग टेस्टरने एकदा मोजा. उपकरण माझ्याकडे आहे. निरोप द्या, मी घेऊन येईन.